पगारपत्रकात न दिसणारा रंग

डेट्रॉइट शहराच्या उत्तर टोकाला, एट माइल रोडच्या अलीकडे, घरांच्या परसांमागून एक भिंत जाते. उंची सहा फूट, लांबी साधारण अर्धा मैल. ती ना किल्ल्याची, ना तुरुंगाची, ना कारखान्याची. १९४१ साली एका बिल्डरला तिथे गोऱ्या कुटुंबांसाठी वसाहत उभारायची होती. शेजारी काळ्यांची वस्ती आधीपासूनच होती. इतक्या जवळ काळे राहत असतील तर घरकर्जांना हमी देता येणार नाही, असं सरकारच्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनचं म्हणणं पडलं. बिल्डरने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली.

भिंत अजून आहे. तिच्या एका भागावर आता रंगीत चित्रं काढली आहेत. गंमत म्हणा की चेष्टा, आज भिंतीच्या दोन्ही बाजूंना बहुतेक काळी कुटुंबंच राहतात. ज्यांना अडवायचं होतं ते केव्हाच पलीकडे गेले आणि ज्यांच्यासाठी भिंत बांधली ते शहरच सोडून गेले. १९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, २०२० साली ती सहा लाख चाळीस हजारांच्या आसपास उरली. मग ही भिंत आज कुणाला कुणापासून वेगळं करते? वंश म्हणावा तर दोन्हीकडे तोच. आणि वर्ग म्हणावा तर भिंतीच्या आजूबाजूची ही सगळी वस्ती इतकी वर्षं मागे का पडली, याचं उत्तर वंशाचं नाव घेतल्याशिवाय देता येत नाही.

अमेरिकेत गेली पंचेचाळीसेक वर्षं जो वाद चालू आहे तो नेमका इथेच अडतो. विषमतेचं मूळ वंशात की वर्गात? एक बाजू म्हणते, कायद्याने समानता आली, काळा राष्ट्राध्यक्ष झाला, आता जे उरलं आहे ते गरिबीचं दुखणं. गरिबांना मदत करा, रंग कशाला विचारता? दुसरी बाजू म्हणते, रंग विचारणं तुम्ही सोडलंत, पोलिसांनी सोडलेलं नाही. दोघांकडेही आकडे आहेत आणि दोघांचेही आकडे खरे आहेत. मला मात्र वाटतं की वाद चुकीच्या चोपडीवर चालला आहे. वंशाची पकड सैल झाली ती पगारात. तीही पूर्ण सुटलेली नाही, पण सैल झाली हे मान्य करायला हवं. जिथे ती फारशी सैल झालेली नाही ती जागा म्हणजे घर, जमीन, शिल्लक, थोडक्यात बापाकडून लेकाकडे जातं ते. आणि सरकारं, विद्यापीठं, न्यायालयं जेव्हा ‘आर्थिक निकष’ म्हणतात तेव्हा ती बघतात पगार.

थोडं मागे जातो, कारण वंश आधी आणि वर्ग नंतर, किंवा उलट, असा काही क्रम इतिहासात सापडत नाही. व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीतली पहिली पिढी बघा. तंबाखूच्या मळ्यांवर राबणारे बरेचसे करारबद्ध नोकर गोरे होते, त्यांच्याबरोबर आफ्रिकेतून आणलेले काळे होते. १६७६ साली नॅथॅनियल बेकनच्या बंडात दोघांनीही हत्यारं उचलली आणि राजधानी जेम्सटाउन जाळली. मळेवाल्यांना धडकी भरली असणार. बंडाआधीच, १६६२ साली, मूल आईच्या दर्जाने ओळखलं जाईल असा कायदा झाला होता. म्हणजे गुलाम बाईच्या पोटी मालकाचं मूल जन्मलं तरी ते गुलामच. १७०५ साली या सगळ्या सुट्या नियमांची एक मोठी संहिता झाली.

या संहितेतली दोन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. एक कलम सांगतं की गोऱ्या नोकराचा करार संपला की मालकाने त्याला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक द्यायची. दुसरं सांगतं की गुलामांनी पाळलेली घोडे, गुरं, डुकरं जप्त करायची, विकायची आणि येणारा पैसा गावातल्या गरिबांसाठी खर्च करायचा. एकाच्या हातात दाणे, पैसे आणि हत्यार. दुसऱ्याचं दावणीचं जनावर सोडून न्यायचं, आणि तेही गरिबांच्या नावाने! कालपर्यंत एकाच मळ्यात घाम गाळणाऱ्या दोन माणसांना वेगळं करायचं तर नुसता द्वेष शिकवून भागत नाही, एकाला काहीतरी द्यावं लागतं. गोरेपणा असा कायद्याने घडवला गेला, आणि तो घडला मालमत्तेच्या वाटपातून. वंश म्हणजे मनातला आकस आणि वर्ग म्हणजे खिशातला पैसा, अशी वाटणी करणाऱ्यांनी ही दोन कलमं एकदा वाचायला हरकत नाही.

गुलामी संपली तेव्हाही पैसा होताच, फक्त तो कुणाला मिळाला ते बघण्यासारखं आहे. १८६२ साली राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम मुक्त झाले तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली, ती मालकांना. माणशी तीनशे डॉलरपर्यंत. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने हुकूम काढला आणि समुद्रकाठची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटायला सुरुवात झाली. लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी जमिनी जुन्या मळेवाल्यांकडे परत जाऊ लागल्या. आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. त्यांचं मन मोठं होतं. पण त्या वेळी तिकडे मुक्त झालेला माणूस बहुधा त्याच मळ्यावर, त्याच मालकाकडे, वाट्याने शेती करत होता आणि हंगामाच्या शेवटी दुकानदाराच्या वहीत त्याच्याच नावावर बाकी निघत होती.

विसाव्या शतकात वही बदलली. १९३३ साली मंदीत बुडणाऱ्या घरमालकांसाठी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था निघाली. तिच्या माणसांनी दोनशेहून अधिक शहरांतल्या वस्त्या पाहून नकाशे रंगवले. सर्वांत भरवशाची वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी, आणि धोक्याची लाल. प्रत्येक वस्तीचा एक छापील फॉर्म भरला जाई. तो बघण्यासारखा आहे. ‘रहिवासी’ या सदराखाली एक ओळ व्यवसायाची, एक ओळ अंदाजे वार्षिक उत्पन्नाची. त्याखाली परदेशात जन्मलेले किती टक्के. त्याखाली ‘निग्रो’, हो की नाही, असल्यास किती टक्के. त्याखाली ‘शिरकाव’, म्हणजे कोण घुसू लागलं आहे. आणि मग सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं. वंश आणि वर्ग यांत फरक असतो हे तपासनीसाला चांगलं कळत होतं, म्हणून तर त्याने वेगवेगळे रकाने केले. नकाशात भरला मात्र एकच रंग.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या नकाशांची कीर्ती त्यांच्या करणीपेक्षा मोठी आहे. या संस्थेने स्वतः लाल भागांतही कर्जं दिली होती, असं इतिहासकारांनी दाखवलं आहे. खरा घाव घातला तो १९३४ साली आलेल्या त्या दुसऱ्या खात्याने, भिंत बघून हमी देणाऱ्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने. सरकारी हमी असली की बँक कमी व्याजाने, लांब मुदतीचं कर्ज देते. पगारदार माणूस तेव्हाच घर घेऊ शकतो. ही हमी मुख्यतः नव्या उपनगरांना, गोऱ्या वस्त्यांना गेली. १९४७ पासून न्यू यॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं. एकसारखी, स्वस्त, हजारो घरं. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या जीआय बिलामुळे कर्ज मिळत होतं. त्याच युद्धातून परतलेल्या काळ्या सैनिकाला मात्र त्या गावात घर मिळत नव्हतं. त्याला पगार नव्हता असं नाही, कर्ज फेडायची ऐपत नव्हती असंही नाही. गाव फक्त गोऱ्यांसाठी होतं.

घर घेतलेल्या गोऱ्या कामगाराने आयुष्यभर हप्ते भरले. घराची किंमत वाढत गेली, त्यावर मुलांच्या कॉलेजची फी निघाली, म्हातारपणी आधार झाला आणि मेल्यावर वाटण्या झाल्या. काळ्या कामगाराने तेवढीच वर्षं भाडं भरलं. भाड्याच्या पावत्यांची वाटणी होत नाही.

हे सगळं लक्षात ठेवून १९७८ सालाकडे यावं. त्या वर्षी विल्यम ज्युलियस विल्सन या काळ्या समाजशास्त्रज्ञाने वंशाचं महत्त्व घटत चालल्याचं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि वादळ उठलं. काळ्या समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेने निषेधाचं पत्रक काढलं. विल्सन घरभेदी ठरला. पण तो भेदभाव संपला असं म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं असं: गुलामीच्या आणि नंतर जिम क्रोच्या, म्हणजे कायद्यानेच गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवण्याच्या, काळात काळा माणूस डॉक्टर असो की हमाल, त्याचं नशीब रंग ठरवत असे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर शिकलेल्या काळ्यासाठी दारं उघडली. तो पुढे गेला. न शिकलेला काळा जिथे होता तिथेच राहिला, आणि नेमक्या त्याच वेळी शिकागोतले, डेट्रॉइटमधले कारखाने बंद पडू लागले. म्हणजे काळ्यांमध्येच दोन वर्ग झाले, आणि खालच्या वर्गाला बुडवणारी गोष्ट आता दुकानावरची पाटी नसून गिरणीचा थांबलेला भोंगा होती.

विल्सनचं बरंचसं बरोबर ठरलं आहे, हे त्याच्या टीकाकारांनीही आता मान्य करावं. १९५९ साली अमेरिकेतले निम्म्याहून जास्त काळे, ५५ टक्के, दारिद्र्यरेषेखाली होते. २०१९ साली हे प्रमाण १८.८ टक्के होतं. गोऱ्यांमधल्या ७.३ टक्क्यांच्या अडीचपट, हे खरं. पण साठ वर्षांत केवढं अंतर काटलं गेलं! शाळांचे निकाल तर आणखी स्पष्ट बोलतात. स्टॅनफर्डच्या शॉन रीअर्डनने २०११ साली जुन्या-नव्या परीक्षांचे गुण एकत्र मांडले. पन्नासेक वर्षांपूर्वी गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या गुणांतली दरी ही श्रीमंत आणि गरीब मुलांमधल्या दरीच्या दीडपट ते दुप्पट होती. आता पारडं उलटलं आहे. श्रीमंत-गरीब दरी गोऱ्या-काळ्या दरीच्या जवळपास दुप्पट झाली आहे. वंशाची दरी आकसली आणि पैशाची रुंदावली. याला महत्त्व घटणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

गोऱ्या गरिबांचं काय झालं तेही इथेच बघावं. अर्थशास्त्रज्ञ ॲन केस आणि अँगस डीटन यांनी २०१५ साली दाखवलं की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचा मृत्युदर वाढतो आहे. श्रीमंत देशांत असं सहसा घडत नाही. मरणारे बहुतेक कॉलेजची पदवी नसलेले. मरण्याची कारणं वेदनाशामक गोळ्या आणि ड्रग्ज, दारू, आत्महत्या. अमेरिकेत गोरं असणं हीच एक कमाई असते, असं डू बॉइस या काळ्या विचारवंताने १९३५ साली लिहिलं होतं. पगार तुटपुंजा असला तरी मान मिळतो, पोलीस ‘सर’ म्हणतो, मुलं बऱ्या शाळेत जातात. त्याने याला मानसिक मजुरी म्हटलं. पूर्वेकडच्या डोंगराळ अपॅलाचियाच्या खाणपट्ट्यात ही मजुरी आता वटत नाही असं दिसतं. खाण बंद झालेल्या गावातल्या माणसाला जाऊन ‘तुला गोरेपणाचे फायदे मिळतात’ असं सांगणं मला अडाणीपणाचं वाटतं. खरं असलं तरी अडाणीपणाचं.

तर मग मामला निकाली निघाला? वर्ग बघा, रंग विसरा?

नाही, कारण आपण अजून चोपडीचं एकच पान पाहिलं आहे. दुसऱ्या पानावर शिल्लक लिहिलेली असते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची दर तीन वर्षांनी पाहणी होते. २०२२ च्या पाहणीत मधल्या, म्हणजे संपत्तीच्या रांगेत मधोमध येणाऱ्या, गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर निघाली. मधल्या काळ्या कुटुंबाची ४५ हजारांच्या आत. सहापटीहून जास्त फरक. पगारातला फरक याच्या जवळपासही नाही. दोन तृतीयांशांहून जास्त गोरी कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात, काळ्यांमध्ये निम्मीही नाहीत. म्हणजे सारखा पगार घेणारे दोन शेजारी टेबलांवरचे कारकून घ्या. एकाच्या आजोबांचं लेव्हिटटाउनमध्ये घर होतं, दुसऱ्याचे आजोबा भाड्याने राहत होते. पहिल्याची नोकरी गेली तर तो सहा महिने कळ काढील. दुसऱ्याची गेली तर त्याला दुसऱ्या महिन्यात घर सोडावं लागेल. शिवाय पगारातून तो आईचं औषध भरतो, धाकट्या भावाची फी भरतो. पहिल्याच्या आईकडे तिचं तिचं आहे. विद्यापीठाच्या अर्जात मात्र दोघांच्या मुलांचं ‘कौटुंबिक उत्पन्न’ एकच.

आणि राहण्याची जागा. अमेरिकेत सरकारी शाळेच्या पैशाचा मोठा भाग त्या भागातल्या मालमत्ता करातून येतो. घरांची किंमत पडलेली असेल तर कर कमी, कर कमी तर शाळा फाटकी, शाळा फाटकी तर घरांना गिऱ्हाईक नाही, आणि किंमत आणखी पडते. हे रहाटगाडगं फिरवायला आज कुणी वंशद्वेष्टा अधिकारी लागत नाही. १९६८ च्या कायद्याने घरविक्रीत रंग बघायला बंदी केली, ठीकच केलं. पण तोवर रंग किमतीत मुरला होता, आणि किमतीवर कुणाला खटला भरता येत नाही. मला तर यातच बदलाचा गाभा दिसतो. एके काळी वंश दारावर उभा राहून माणूस अडवत असे. आता तो वर्गाचे कपडे घालून आत बसला आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेतली असं म्हणणारे हे कपडेच बघतात.

आता, सगळाच वंश असा वर्गात विरघळला आहे असं म्हणेन तर तीही लबाडी होईल. काही ठिकाणी तो उघडा उभा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग प्रसिद्धच आहे. बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखे, नावं वेगळी. एमिली आणि ग्रेग या गोऱ्या वाटणाऱ्या नावांना लकिशा आणि जमाल या काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट बोलावणी आली. मला मात्र याहून दिवाह पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईचा मिलवॉकीतला प्रयोग जास्त बोचतो. तिने तरुण मुलांच्या जोड्या खऱ्याच नोकऱ्या मागायला पाठवल्या, गोऱ्यांची एक, काळ्यांची एक. प्रत्येक जोडीतला एक जण तुरुंगात जाऊन आल्याचं सांगे, दुसरा निष्कलंक. निष्कलंक गोऱ्याला शंभरात ३४ ठिकाणांहून बोलावणं आलं. तुरुंगवास सांगणाऱ्या गोऱ्याला १७. निष्कलंक काळ्याला १४. तुरुंगवास सांगणाऱ्या काळ्याला ५. मधले दोन आकडे पुन्हा वाचा. तुरुंगाचा शिक्का कातडीच्या शिक्क्यापेक्षा हलका निघाला.

पैसा असला की सुटका होते का, याचंही उत्तर आता बरंचसं हाती आहे. कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदी आई-वडिलांच्या उत्पन्नाशी जोडून अर्थशास्त्रज्ञांनी पाहिलं, तर सर्वांत श्रीमंत काळ्या आयांची बाळं सर्वांत गरीब गोऱ्या आयांच्या बाळांपेक्षाही नाजूक निघाली. २००९ साली हार्वर्डचे काळे प्राध्यापक हेन्री लुइस गेट्स यांना पोलिसांनी बेड्या घातल्या त्या त्यांच्या स्वतःच्या घरी. दार अडकलं होतं, ते ढकलून उघडताना कुणीतरी पाहिलं आणि फोन केला. हार्वर्डची प्राध्यापकी हा काही लहानसहान वर्ग नव्हे. पण दारात उभ्या पोलिसाला वर्ग ओळखायला वेळ लागतो, रंग लगेच दिसतो.

याच ठिकाणी एक गाठ आहे, ती कुणालाच नीट सुटलेली नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली कोट्यवधी अमेरिकनांच्या कर-नोंदी तपासल्या. श्रीमंत घरात वाढलेले काळे मुलगे मोठेपणी तेवढ्याच श्रीमंत घरातल्या गोऱ्या मुलग्यांपेक्षा बरेच कमी कमावतात. देशातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव वस्त्यांत हेच चित्र. म्हणजे वंश. पण काळ्या मुली? सारख्या उत्पन्नाच्या घरातली काळी मुलगी मोठेपणी गोऱ्या मुलीइतकंच कमावते. वंश एवढा सर्वव्यापी असेल तर तो बहिणीला सोडून भावालाच का पकडतो? ‘वर्गच सगळं’ म्हणणाऱ्यांना पहिलं वाक्य गिळता येत नाही आणि ‘वंशच सगळं’ म्हणणाऱ्यांना दुसरं. पोलीस, तुरुंग, शाळेतून काढून टाकणं, नोकरी देणाऱ्याच्या मनातली भीती, या साऱ्याचा रोख काळ्या पुरुषावर जास्त असतो, एवढं म्हणता येतं. कारण मला पुरतं उलगडलेलं नाही. पण ज्या वादात बाई नावाचा रकानाच नाही, तो वाद अपुरा आहे हे नक्की.

मार्टिन लूथर किंगला हे ‘किंवा’ मान्य नव्हतं. १९६३ चा वॉशिंग्टनवरचा मोर्चा सगळ्यांना स्वप्नाच्या भाषणासाठी आठवतो; त्याचं अधिकृत नाव ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य यांसाठी मोर्चा’ असं होतं. नोकऱ्या आधी. आणि शेवटी किंग मेला तो सफाई कामगारांच्या संपात. १ फेब्रुवारी १९६८ ला मेम्फिसमध्ये पाऊस कोसळत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे कचरागाडीच्या मागच्या भागात आडोशाला बसले. कचरा दाबायचं यंत्र अचानक चालू झालं आणि दोघेही त्यात चिरडले. त्याच आठवड्यात, पावसाचं निमित्त करून, गटारकामावरच्या काळ्या मजुरांना जवळपास बिनपगारी घरी पाठवलं होतं. गोऱ्या मुकादमांचा पगार चालू. तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर पगाराचा आकडा नव्हता, ‘मी माणूस आहे’ एवढंच होतं. मागण्यांत मात्र पगारवाढ होती, युनियनची मान्यता होती. दुकानात गोऱ्याशेजारी बसता आलं पण हॅम्बर्गर घ्यायला पैसे नसले तर काय उपयोग, असं किंग त्या दिवसांत विचारत असे. ४ एप्रिलला त्याच शहरात त्याला गोळी घातली. त्या कचरागाडीतला मृत्यू वंशाचा की वर्गाचा, हे ठरवायला बसणारा माणूस विद्वान असेल, पण कामाचा नाही.

धोरणाकडे येतो, कारण शेवटी भांडण तिथेच पेटतं. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार बेकायदा ठरवला. त्यानंतर सगळीकडे एकच धून, आता आर्थिक निकष लावू. मला या धुनीचा विरोध नाही. उलट जुन्या पद्धतीत एक खोट होतीच. प्रवेश मिळणारी काळी मुलं बरीचशी सुस्थितीतली असत, आणि खाणपट्ट्यातल्या गोऱ्या मुलाला कुणी विचारत नसे. पण वंशाला दारातून घालवलेल्या याच विद्यापीठांपैकी कितीतरी जणांनी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप तसंच ठेवलं. त्याच वर्षी चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांनी दाखवलं की देशातल्या अव्वल बारा खासगी विद्यापीठांत वरच्या एक टक्क्यातल्या मुलाला, परीक्षेतले गुण सारखे असूनही, मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त संधी मिळते. ज्यांच्या आजोबांना त्या विद्यापीठांत शिरताच येत नव्हतं, त्यांच्या नातवंडांना आजोबांच्या नावाचा फायदा कुठून मिळणार? हेही एक वारसाहक्काचं घरच.

म्हणून आर्थिक निकष लावायचाच तर तो पुरता लावा. गेल्या वर्षीचा पगार विचारू नका. घर कुणाचं आहे, कर्ज किती आहे, आजोबा कुठे राहत होते, मूल कुठल्या वस्तीतल्या शाळेत गेलं, ते विचारा. वंशाने ज्या खुणा मागे ठेवल्या त्या याच कागदांवर आहेत. असं मोजलं तर काळ्या कुटुंबांना त्यांचा वाटा बऱ्याच अंशी मिळतो आणि अपॅलाचियातला खाणकामगाराचा मुलगाही दारात उभा राहू शकतो. ‘बऱ्याच अंशी’ म्हणालो, कारण मिलवॉकीतला तो १४ चा आकडा संपत्ती मोजून बदलत नाही. त्यासाठी भेदभावविरोधी कायदा लागतो, तो राबवणारी यंत्रणा लागते, आणि रंगाची नोंद ठेवावी लागते. नोंदच बंद केली तर भेदभाव संपत नाही, फक्त पुरावा संपतो.

दोन्ही एकत्र बसवता येतात हे ब्राझीलने दाखवलं आहे. गुलामी बंद करणारा अमेरिका खंडातला हा शेवटचा देश, १८८८ साली. आमच्याकडे वंशभेद नाही, फक्त गरिबी आहे, असं तिथेही दीर्घकाळ अभिमानाने सांगितलं जाई. २०१२ साली कायदा झाला. केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी. त्यातल्या निम्म्या अल्प उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी. आणि या राखीव जागांमध्ये काळे, मिश्रवर्णी आणि आदिवासी यांचा वाटा त्या त्या राज्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात. आधी शाळा, मग पैसा, मग वंश. तिथेही भांडणं होतात, कुणाला काळं म्हणायचं यावर समित्या बसतात. पण ‘वंश की वर्ग’ या प्रश्नावर अडून बसण्यापेक्षा हे कितीतरी पुढचं भांडण आहे.

अमेरिकेत घराचा हिशेब घरानेच चुकवायचा एक छोटा प्रयत्न शिकागोच्या उत्तरेला चालू आहे. इव्हन्स्टन या शहराने २०२१ साली ठरवलं की १९१९ ते १९६९ या काळात शहरात राहिलेल्या काळ्या रहिवाशांना आणि त्यांच्या वंशजांना २५ हजार डॉलरपर्यंत द्यायचे, घर घ्यायला, दुरुस्त करायला किंवा कर्ज फेडायला. पैसा गांजाच्या विक्रीवरच्या करातून. गोऱ्या-काळ्या संपत्तीतली दरी लाखांत असताना २५ हजार म्हणजे फार नव्हे, आणि पैसे लोकांच्या हातात न देता बँकेला का द्यायचे म्हणून काळ्या नगरसेविकेनेही विरोधी मत दिलं होतं. पुढे रोख रकमेचा पर्याय आला, मग २०२४ साली कोर्टात दावाही आला. त्या काळात शहरात स्वतः राहिलेले पात्र अर्जदार शंभरावर निघाले, सगळे वयस्कर. पहिल्या फेरीत पैसे पुरणार होते सोळा जणांना. मग जानेवारी २०२२ मध्ये शहराने सोडत काढली, आणि सोळा नंबर वाचून दाखवले.